बंद पडलेल्या संगणकापर्यंत पोहोचताना : रास्पबेरी पायवर उभारलेल्या दूरनियंत्रण यंत्राचे प्रकरण

प्रसंग

हे प्रकरण एका साध्या डेस्कटॉप संगणकाचे आहे. जुन्या हस्तलिखितांच्या स्कॅन केलेल्या प्रतिमा त्यावर साठवल्या जात. त्यावर लिनक्स होते, संपूर्ण डिस्क कूटबद्ध केलेली होती, आणि मॉनिटर, कीबोर्ड, माऊस यांपैकी काहीही न जोडता तो एका कुलूपबंद खोलीत चोवीस तास चालू ठेवलेला असे. त्याची देखभाल करणारे आम्ही दोघे तेथून बरेच लांब होतो. रोजचे सर्व काम एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या सोयीने, चाले आणि ते चाले तोवर कोणालाच काही उणे वाटत नसे.

अडचण येई ती संगणक पुन्हा सुरू होताना. वीज जाऊन परत आली की बायोसमधील (कार्यप्रणालीच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीतील) सेटिंगप्रमाणे संगणक आपोआप सुरू होई, पण डिस्क उघडण्यासाठी सांकेतिक वाक्यांश मागून तेथेच थांबे. त्या क्षणी नेटवर्क सुरू झालेले नसते, एसएसएच सेवाही सुरू झालेली नसते. पडद्यावर एक ओळ असते आणि ती वाचणारे कोणी नसते. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, अद्यतन अर्धवट राहिले किंवा मदरबोर्डवरची बॅटरी उतरून बूटचा क्रम बदलला, तरी परिणाम हाच. मग खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असे त्या व्यक्तीने मॉनिटर नेऊन जोडायचा, पडद्यावरचा मजकूर फोनवर वाचून दाखवायचा आणि आम्ही सांगू त्या कळा दाबायच्या, असा प्रकार होई. यात वेळ जाई हे खरेच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की कूटबद्धतेचा वाक्यांश फोनवर सांगावा लागत होता. एकदा तो सांगितला की डिस्क कूटबद्ध ठेवण्याचा हेतूच बराचसा संपतो.

त्यामुळे गरज नेमकी मांडायची तर ती अशी होती : संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर चालू नसताना त्याचा पडदा दिसावा, त्याला कळा पाठवता याव्यात आणि त्याचे पॉवर बटण दाबता यावे.

विचारात घेतलेले पर्याय

व्हीएनसी, आरडीपी आणि तत्सम रिमोट डेस्कटॉप सॉफ्टवेअर येथे लगेचच बाद झाले, कारण ते कार्यप्रणालीच्या आत राहते आणि आमची अडचण कार्यप्रणाली सुरू होण्याआधीची होती. वेक-ऑन-लॅनचा उपयोग मर्यादित होता. सहा वेळा एफएफ हा बाइट आणि त्यापुढे सोळा वेळा नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता असे १०२ बाइटचे ते पॅकेट बंद संगणक सुरू करते. सुरू झालेला संगणक कुठे अडकला आहे हे त्यावरून समजत नाही. स्मार्ट प्लगने वीज तोडून पुन्हा जोडता येते, परंतु डिस्कवर लेखन चालू असताना वीज तोडणे म्हणजे एका बिघाडात दुसऱ्याची भर.

इनिट्रॅमएफएसमध्ये, म्हणजे मुख्य डिस्क उघडण्याआधी मेमरीत चालणाऱ्या छोट्या प्रारंभिक प्रणालीत, ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर बसवण्याचा पर्याय मात्र विचार करण्याजोगा होता. त्यामुळे डिस्क उघडण्याआधीच्या टप्प्यात लॉगिन करून वाक्यांश देता येतो आणि त्यासाठी वेगळे हार्डवेअर लागत नाही. ज्यांची अडचण केवळ वाक्यांशाची आहे, त्यांनी तेवढेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे मात्र खुद्द इनिट्रॅमएफएसच बिघडण्याचा अनुभव होता, आणि बायोसमध्ये शिरण्याची गरजही अधूनमधून पडत होती.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर याच कामासाठी बीएमसी नावाचा स्वतंत्र छोटा नियंत्रक असतो. डेलचे आयड्रॅक आणि एचपीईचे आयएलओ ही त्याची परिचित रूपे. मुख्य प्रोसेसर बंद असला तरी तो जागा असतो, त्याला स्वतःचा नेटवर्क पत्ता असतो आणि त्यातून पडदा, कीबोर्ड व वीज हाताळता येते. काही व्यावसायिक डेस्कटॉपमध्ये इंटेलचे एएमटी तंत्रज्ञान जवळपास असेच काम करते. आमच्या मदरबोर्डवर यांपैकी काहीच नव्हते. म्हणून बीएमसीचे काम करणारा नियंत्रक बाहेरून जोडायचा, आणि तो एका सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर, म्हणजे एकाच छोट्या बोर्डवर मावणाऱ्या पूर्ण संगणकावर, उभारायचा, असे ठरले. आयपी-केव्हीएम, म्हणजे नेटवर्कवरून पडदा, कीबोर्ड आणि माऊस हाताळू देणारी यंत्रे, बाजारात तयार मिळतात. पण ज्या यंत्रातून डिस्कचा वाक्यांश टाइप होणार, त्याच्या आत काय चालते हे उघडून पाहता यावे आणि त्याचा एखादा भाग निकामी झाला तर तेवढाच बदलता यावा, ही आमची अट होती. त्यामुळे मुक्त स्रोत असलेली पायकेव्हीएम ही प्रणाली निवडली.

बोर्डची निवड

निवड रास्पबेरी पाय ४ या सिंगल बोर्ड कॉम्प्युटरची झाली; पुढे त्याला नुसते ‘पाय’ म्हटले आहे. यूएसबी जोडणीत एक बाजू यजमान असते आणि दुसरी उपकरण. आपल्या बोर्डने समोरच्या संगणकाला ‘मी कीबोर्ड आहे’ असे सांगायचे असेल, तर त्याला उपकरणाची भूमिका घेता आली पाहिजे. पाय ४ वरील चार मोठे यूएसबी पोर्ट पीसीआय एक्स्प्रेसवर जोडलेल्या वेगळ्या नियंत्रकातून येतात आणि ते फक्त यजमान होऊ शकतात. वीज घेण्याच्या यूएसबी-सी पोर्टमागे मात्र प्रोसेसरमधील नियंत्रक थेट जोडलेला आहे, आणि तो उपकरण होऊ शकतो. पाय ३ च्या बी मॉडेलवर अशी सोय नाही. पाय झिरो २ डब्ल्यूवर ती आहे, परंतु त्यावर इथरनेट पोर्ट नाही आणि मेमरी ५१२ एमबीच आहे. संकटकाळी वापरायचे यंत्र वाय-फायवर अवलंबून ठेवणे आम्हाला मान्य नव्हते.

पाय ५ हा नवा आणि अधिक वेगवान बोर्ड का घेतला नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. २०२३ मध्ये आलेल्या या बोर्डवरून एच.२६४ चित्रफीत संकुचित करणारा हार्डवेअर एन्कोडर काढून टाकलेला आहे. पाय ४ वर हे काम प्रोसेसरला फारसा ताण न देता होते, म्हणून या कामापुरता जुना बोर्डच योग्य ठरतो.

चित्र पकडणे

संगणकाच्या एचडीएमआय पोर्टमधून निघणारे चित्र पायमध्ये आणण्याचे दोन मार्ग होते : यूएसबी कॅप्चर डोंगल, किंवा तोशिबाची टीसी३५८७४३ चिप असलेला छोटा बोर्ड, जो एचडीएमआय संकेत कॅमेऱ्याच्या सीएसआय जोडणीत रूपांतरित करतो. डोंगल सहज मिळतो आणि चालतोही. मात्र तो चित्र आधीच संकुचित करून देतो, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा धुरकट होतात, आणि चित्राला सुमारे २०० मिलिसेकंदांचा विलंब लागतो. सीएसआय मार्गाने तो जवळपास निम्म्यावर येतो. याहून महत्त्वाचा फरक असा की सीएसआय बोर्डवर समोरून संकेत येतो आहे की नाही आणि त्याचे रिझोल्यूशन काय आहे, हे यंत्राला निश्चित कळते. काळा पडदा दिसला तर संगणक बंद आहे, की चालू असून काहीच दाखवत नाही, हा भेद दूर बसलेल्या माणसासाठी निर्णायक असतो.

सीएसआय मार्गाची एक मर्यादा आकडेमोडीतून स्पष्ट दिसते. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. प्रत्येकी १६ बिट आणि सेकंदाला ६० चौकटी धरल्या, तर सेकंदाला १.९९ गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. पाय ४ च्या कॅमेरा जोडणीत दोनच मार्गिका आहेत आणि ही चिप वापरताना प्रत्येकीची क्षमता ९७२ मेगाबिट असते, म्हणजे एकूण १.९४ गिगाबिट. थोडक्यासाठी ६० चौकटी बसत नाहीत. ५० चौकटींना १.६६ गिगाबिट पुरतात. म्हणून या रचनेत पूर्ण एचडी चित्र सेकंदाला ५० चौकटींपर्यंतच मिळते. कन्सोलवरचा मजकूर वाचण्यासाठी ते पुरेसे आहे, परंतु समोरच्या संगणकाला ही मर्यादा आधीच कळवावी लागते. अन्यथा तो आपल्या सवयीने ६० चा संकेत पाठवतो आणि इकडे काहीच दिसत नाही.

हे कळवण्याचे काम ईडीआयडी करते. प्रत्येक मॉनिटर आपल्याला कोणकोणती रिझोल्यूशन चालतात याची माहिती या छोट्या तक्त्यातून देतो, आणि आमचे यंत्रही मॉनिटरचे सोंग घेत असल्याने त्यालाही असा तक्ता द्यावा लागतो. चाचणीत लिनक्सचा पडदा नीट दिसे, पण बायोसच्या सेटिंगचा पडदा रिकामा राही. लिनक्सचा ग्राफिक्स ड्रायव्हर संपूर्ण तक्ता वाचून योग्य पर्याय निवडत होता; बायोस मात्र तक्त्यातील पहिल्या सविस्तर नोंदीपलीकडे पाहत नव्हता. त्या पहिल्या जागी १२८० गुणिले ७२०, ६० चौकटी ही नोंद ठेवल्यावर वीज सुरू झाल्यापासून लॉगिनपर्यंतचा प्रत्येक टप्पा दिसू लागला. कार्यप्रणाली चालू असताना चित्र उत्तम दिसते म्हणून यंत्र तयार झाले असे समजणे किती फसवे आहे, हे यातून ध्यानात येते. ज्या टप्प्यासाठी यंत्र उभारायचे, नेमका तोच टप्पा अंधारात राहिला असता.

चित्र ब्राउझरपर्यंत नेण्यासाठी दोन पद्धती उपलब्ध होत्या. एमजेपीईजीमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्र पूर्ण चित्र म्हणून जाते. एच.२६४ मध्ये मुख्यतः आधीच्या चौकटीपेक्षा जे बदलले तेवढेच पाठवले जाते, आणि कन्सोलचा पडदा बहुतांश वेळ स्थिर असल्यामुळे बँडविड्थ फारच कमी लागते. मोबाइल डेटावरूनही काम करता यावे म्हणून एच.२६४ ही नेहमीची पद्धत ठेवली आणि वेबआरटीसी, म्हणजे एच.२६४ चित्र ब्राउझरपर्यंत थेट पोहोचवणारी पद्धत, अडखळेल अशा नेटवर्कसाठी एमजेपीईजी राखीव ठेवली.

कीबोर्ड होणे

कीबोर्डचा भाग ऐकायला सोपा वाटतो, पण त्यात बारकावे आहेत. लिनक्सच्या यूएसबी गॅजेट सुविधेने पाय समोरच्या संगणकाला एकाच केबलवरून कीबोर्ड, माऊस आणि साठवणूक उपकरण अशा तिन्ही रूपांत दिसतो. बायोसमध्ये चालायचे असेल तर कीबोर्डने बूट प्रोटोकॉल पाळणे आवश्यक असते. या प्रोटोकॉलमधील प्रत्येक संदेश आठ बाइटचा असतो : पहिला बाइट कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट यांसारख्या कळांचा, दुसरा राखीव, आणि उरलेले सहा एकाच वेळी दाबलेल्या इतर कळांचे. उदाहरणार्थ, डाव्या कंट्रोलचे मूल्य १ आणि डाव्या ऑल्टचे ४, म्हणून दोन्ही मिळून पहिला बाइट ५. डिलीट कळेचा क्रमांक ७६. त्यामुळे कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हा संदेश ५, ०, ७६ आणि त्यापुढे पाच शून्ये असा जातो. त्यानंतर आठ शून्यांचा संदेश पाठवला नाही, तर समोरचा संगणक कळा अजून दाबलेल्याच आहेत असे समजतो. नेटवर्क मध्येच तुटले तर हीच स्थिती ओढवू शकते. म्हणून ब्राउझरशी संपर्क तुटताच यंत्र सर्व कळा सोडते की नाही, हे केबल ओढून मुद्दाम तपासले.

या संदेशांत अक्षरे नसतात, कळांची स्थाने असतात. त्या स्थानाला कोणते अक्षर मानायचे हे समोरचा संगणक ठरवतो, आणि वाक्यांश मागणाऱ्या टप्प्यावर बहुधा अमेरिकन इंग्रजी कीबोर्डच गृहीत धरलेला असतो. वाक्यांशात विशेष चिन्हे असतील आणि आपला स्वतःचा कीबोर्ड वेगळ्या मांडणीचा असेल, तर बरोबर टाइप करूनही वाक्यांश चुकीचा ठरतो. मजकूर चिकटवून कळांत रूपांतरित करण्याची सोय पायकेव्हीएममध्ये आहे, परंतु तिचाही आधार हीच स्थाने आहेत. देवनागरी मजकूर त्या मार्गाने जाणार नाही. शेवटी वाक्यांश बदलून तो फक्त बहुतेक मांडण्यांत सारख्या जागी असणाऱ्या अक्षरांचा आणि पूर्वीपेक्षा लांब ठेवला. लांबी पुरेशी वाढवली तर चिन्हांची उणीव भरून निघते.

माऊसबाबत एवढेच नोंदवतो की निरपेक्ष स्थान सांगणारा माऊस कार्यप्रणालीत अचूक चालतो, पण अनेक बायोस तो ओळखत नाहीत. तेथे सापेक्ष माऊस निवडावा लागतो, किंवा कीबोर्डवरच काम भागवावे लागते.

वीज : सर्वांत नाजूक भाग

या संपूर्ण रचनेत माझ्या दृष्टीने सर्वाधिक विचार विजेच्या जोडणीवर व्हायला हवा, कारण येथील दोष चाचणीच्या टेबलावर लपून राहतो आणि प्रत्यक्ष संकटात समोर येतो.

पाय ४ वर वीज घेणारा पोर्ट आणि कीबोर्डचे सोंग घेणारा पोर्ट एकच आहे. एक साधी यूएसबी केबल संगणकाला जोडली तर डेटाही जातो आणि वीजही मिळते, आणि बराच वेळ सारे सुरळीत चालल्यासारखे दिसते. परंतु तेव्हा नियंत्रण करणारे यंत्र नियंत्रित संगणकाच्या विजेवर जगत असते. संगणक पूर्ण बंद झाल्यावर अनेक मदरबोर्ड यूएसबीची वीजही बंद करतात. मग बटण दाबायला यंत्र जागेच नसते. संगणक सुरू झाल्यावर दोघे एकदमच उठतात, आणि पाय आपली प्रणाली सुरू करेपर्यंत बायोसमध्ये शिरण्याची वेळ निघून गेलेली असते. शिवाय या बोर्डला ५ व्होल्टवर ३ अँपिअरचा पुरवठा सुचवलेला आहे. साधा यूएसबी पोर्ट तेवढा देत नाही.

म्हणून विभाजक केबल वापरली. तिचे एक टोक पायच्या यूएसबी-सी पोर्टमध्ये, दुसरे स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरकडे आणि तिसरे संगणकाकडे जाते. यातही एक धोका राहतो. संगणकाकडे जाणाऱ्या शाखेतील ५ व्होल्टची तार तशीच ठेवली, तर अ‍ॅडॉप्टर आणि मदरबोर्ड यांचे वीजपुरवठे एकमेकांना जोडले जातात. संगणक बंद असताना अ‍ॅडॉप्टरची वीज उलट्या दिशेने मदरबोर्डमध्ये शिरते. काही मदरबोर्ड त्यामुळे पूर्ण बंद होत नाहीत, काही पुन्हा सुरू होत नाहीत, आणि दोन्हीपैकी एका बाजूचे नुकसान होण्याचीही शक्यता असते. त्यामुळे त्या शाखेतील ५ व्होल्टची तार खंडित केली आणि डेटाच्या दोन तारा व ग्राउंड तेवढे ठेवले. काम झाल्यावर मल्टिमीटरने त्या दोन टोकांत सातत्य नाही याची खात्री केली, आणि ती खात्री होईपर्यंत केबल संगणकाला लावली नाही. असे काही उभारू पाहणाऱ्याने दुसरे काही गाळले तरी चालेल. ही तपासणी गाळू नये.

जुना पाय ४ वापरणाऱ्यांसाठी एक सूचना येथे योग्य ठरेल. २०१९ मधील पहिल्या आवृत्तीच्या बोर्डवर यूएसबी-सी जोडणीतील रोधकांची मांडणी सदोष होती, त्यामुळे ई-मार्क चिप (केबलची क्षमता कळवणारी चिप) असलेल्या केबलने त्याला वीजच मिळत नसे. पुढच्या आवृत्तीत तो दोष दूर झाला.

पॉवर बटण

एटीएक्स मदरबोर्डवर पुढच्या पॅनेलचे पॉवर बटण म्हणजे दोन पिना क्षणभर जोडणारा स्विच, एवढेच. क्षणभर जोडल्या तर संगणक सुरू होतो किंवा कार्यप्रणालीला बंद होण्याची विनंती जाते. चार सेकंदांहून अधिक जोडून ठेवल्या तर वीज सक्तीने तुटते. पायची जीपीआयओ पिन, म्हणजे सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणारी पिन, या पिनांना थेट जोडता येईल असा मोह होतो, परंतु ती ३.३ व्होल्टवर चालते आणि मदरबोर्डच्या पिनेवर कोणता व्होल्टेज असेल याची हमी नसते. म्हणून पायकेव्हीएमच्या आराखड्याप्रमाणे ओमरॉनचे जी३व्हीएम-६१ए१ हे मॉसफेट रिले वापरले. रिलेच्या एका बाजूला छोटा एलईडी असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशाने चालणारा स्विच. दोन्ही बाजूंत विद्युत संबंध नसतो. ३९० ओहमचा रोधक लावल्यावर एलईडीमधून पाच-साडेपाच मिलिअँपिअर प्रवाह जातो, जो जीपीआयओ पिनेच्या क्षमतेत आरामात बसतो. चार रिलेंपैकी दोन पॉवर आणि रीसेट बटणांसाठी, आणि उरलेले दोन उलट दिशेने, म्हणजे पॉवर व हार्ड डिस्कच्या दिव्यांची स्थिती पायला कळवण्यासाठी वापरले. कॅबिनेटवरचे मूळ बटण समांतर जोडून ठेवले. खोलीत गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग पूर्वीसारखाच व्हावा, याविषयी आम्ही आग्रही होतो.

येथे एक प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. पाय स्वतः पुन्हा सुरू होत असताना त्याच्या पिना काही क्षण कोणाच्याच ताब्यात नसतात. त्या क्षणी रिले चालू होऊन चार सेकंद तसाच राहिला तर चालू असलेला संगणक बंद पडेल, आणि सुरक्षेसाठी बसवलेले यंत्रच बिघाडाचे कारण ठरेल. पायच्या जीपीआयओ ० ते ८ या पिना रीसेटनंतर वरच्या पातळीकडे ओढलेल्या असतात, तर ९ पासून पुढच्या खालच्या पातळीकडे. पायकेव्हीएम पॉवर बटणासाठी २३ आणि रीसेटसाठी २७ क्रमांकाची पिन वापरते; दोन्ही खालच्या पातळीकडील असल्याने त्या अवस्थेत रिले बंदच राहतो. संगणक चालू ठेवून पायची वीज वारंवार तोडून आणि जोडून हे प्रत्यक्षातही पडताळले. संगणकावर काहीच परिणाम झाला नाही.

प्रवेश आणि विश्वास

या यंत्रापर्यंत पोहोचलेला माणूस व्यवहारात त्या संगणकासमोर बसलेलाच असतो. तो पडदा पाहतो, बूटचा क्रम बदलतो, साठवणूक उपकरण म्हणून स्वतःची आयएसओ फाइल (डिस्कची प्रतिमा) जोडून त्यावरून संगणक सुरू करतो. म्हणून राउटरवर पोर्ट उघडून यंत्र थेट इंटरनेटवर ठेवण्याचा विचारही केला नाही. यंत्रावर वायरगार्ड हे खासगी जाळे (व्हीपीएन) उभारणारे सॉफ्टवेअर बसवले आणि वेब पृष्ठ केवळ त्या खासगी जाळ्यातूनच उघडेल असे केले. पायकेव्हीएमचे मूळ परवलीचे शब्द सर्वांना ठाऊक असतात : वेबसाठी ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅडमिन’, एसएसएचसाठी ‘रूट’ आणि ‘रूट’. हे शब्द यंत्र नेटवर्कला जोडताक्षणीच बदलले, आणि दोघांच्या फोनवर वेळेनुसार बदलणारा दुसरा संकेतांक सुरू केला.

वाक्यांशाच्या कळा या यंत्रातून जातात, हे मान्य करूनच पुढचे ठरवावे लागते. यंत्राच्या मेमरी कार्डात कोणी फेरफार केला तर तो वाक्यांश टिपू शकेल. त्यावर पूर्ण तांत्रिक उपाय नाही. संगणक ज्या कुलूपबंद खोलीत, त्याच खोलीत यंत्र ठेवणे, त्यावर दुसरे कोणतेही काम न चालवणे आणि अद्यतने वेळेवर करणे, एवढे आपल्या हाती आहे. फोनवर वाक्यांश सांगण्याच्या तुलनेत ही स्थिती निःसंशय चांगली होती. यंत्र बसवण्याआधी खोलीची आणि संगणकाची जबाबदारी असणाऱ्या सर्वांची लेखी संमती घेतली. दुसऱ्याचा पडदा नकळत पाहू शकणारे साधन त्याच्या माहितीशिवाय जोडले जाऊ नये, ही अट तांत्रिक बाबींइतकीच महत्त्वाची आहे.

पायकेव्हीएमची फाइल प्रणाली एरवी केवळ वाचनासाठी खुली असते. बदल करायचा असेल तेव्हाच ती लेखनासाठी उघडावी लागते. सुरुवातीला हे गैरसोयीचे वाटते, पण वीज अचानक गेल्यावर मेमरी कार्ड खराब होण्याचा मोठा धोका यामुळे टळतो.

प्रत्यक्ष कसोटी

यंत्र बसवल्यानंतर कर्नलच्या एका अद्यतनात बूट विभागातील जागा संपली आणि नवा इनिट्रॅमएफएस अर्धवट लिहिला गेला. पुन्हा सुरू केल्यावर संगणक वाक्यांश मागण्यापर्यंतही पोहोचला नाही. कर्नल पॅनिकचा मजकूर दाखवून थांबला. पूर्वी येथून पुढे दुसऱ्याच्या हातांची गरज पडली असती. या वेळी पडद्यावरचा मजकूर आम्ही स्वतः वाचला, रीसेट दिला आणि ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूतून आधीचा कर्नल निवडायचे ठरवले.

मेनू दिसलाच नाही. बायोसमधून ग्रबमध्ये जाताना रिझोल्यूशन बदलते, कॅप्चर बोर्डला नव्या संकेताशी जुळवून घ्यायला आणि ब्राउझरला चित्र पुन्हा सुरू करायला काही सेकंद लागतात, आणि ग्रबची प्रतीक्षा तेवढ्यातच संपली होती. पुन्हा रीसेट देऊन, चित्राची वाट न पाहता एस्केप कळ ठरावीक अंतराने पाठवत राहिल्यावर मेनू थांबला. जुन्या कर्नलने संगणक सुरू झाला, वाक्यांश दिला, जुन्या कर्नलच्या अनावश्यक प्रती काढून जागा मोकळी केली आणि इनिट्रॅमएफएस नव्याने बनवला. त्यानंतर ग्रबची प्रतीक्षा १५ सेकंदांपर्यंत वाढवली. समोर बसून काम करणाऱ्याला पाच सेकंद भरपूर असतात. दुरून पाहणाऱ्यासाठी प्रत्येक टप्प्याला थोडी अधिक सवड ठेवावी लागते, आणि बायोसच्या सुरुवातीच्या पडद्यालाही तोच नियम लावला.

साठवणूक उपकरणाची सोय स्वतंत्रपणे तपासली. यंत्राच्या कार्डावर एक बचाव आयएसओ कायम ठेवली असून ती आभासी सीडी म्हणून जोडता येते. पाय ४ च्या या पोर्टचा वेग यूएसबी २.० चा असल्याने बूट मंद होते, तरी मुख्य डिस्क पूर्णपणे निकामी झाली तरी तिची तपासणी सुरू करता येते.

उरलेल्या मर्यादा

संगणक आणि दूरनियंत्रण यंत्र वेगवेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर असले, तरी नेटवर्क स्विच आणि राउटर अजून एकच आहेत. राउटर थिजला तर दोन्ही एकदमच दिसेनासे होतात. पाय आणि राउटर यूपीएसवर घेतल्याने वीज जाण्याचा प्रश्न सुटला, परंतु राउटर स्वतः बिघडण्याचा नाही. मोबाइल नेटवर्कचा मोडेम पायच्या मोकळ्या यूएसबी पोर्टला जोडून दुसरा मार्ग देता येईल. त्याची तयारी चालू आहे. पाय स्वतः थिजल्यास त्याचा हार्डवेअर वॉचडॉग (प्रतिसाद थांबल्यावर रीसेट देणारे सर्किट) त्याला पुन्हा सुरू करतो, आणि पॉवर बटणाविषयी वर सांगितलेली खात्री झालेली असल्यामुळेच हा वॉचडॉग निर्धास्तपणे चालू ठेवता आला.

याच खोलीत दुसरा एक संगणक आहे, ज्याला फक्त डिस्प्लेपोर्ट आहे. एचडीएमआय स्विच लावून तोही याच यंत्राला जोडावा अशी सूचना आली होती. ती आम्ही स्वीकारली नाही. स्विचमुळे ईडीआयडीच्या साखळीत आणखी एक दुवा येतो, रिझोल्यूशन बदलताना लागणारा वेळ वाढतो, आणि कळा कोणत्या संगणकाला जात आहेत याविषयी घाईच्या क्षणी संभ्रम होऊ शकतो. त्या संगणकासाठी वेगळा बोर्ड, डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय देणारा रूपांतरक आणि पहिल्यासारखीच तार खंडित केलेली केबल असा स्वतंत्र संच उभारायचा आहे. त्याची पहिली चाचणी बायोसच्या पडद्यापासून सुरू होईल.